कामात आहे ती

१

विद्यापीठाच्या भाषा विभागात तिला सगळे सेकंदकाटा म्हणत. घरी ती धाकटी. पीएच.डी. कशावर चालली आहे असं कुणी विचारलं, की ती सरळ सांगायची, "गप्प बसण्यावर." ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी थट्टा करतेय. पण थट्टा नव्हती. दोन माणसं बोलत असताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत जो वेळ जातो, तो ती साडेचार वर्षं मोजत होती, आणि तोही सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत.

कामाची पद्धत ठरलेली होती. तीस-चाळीस वर्षं संसार केलेलं जोडपं गाठायचं, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेकॉर्डर ठेवायचा, आणि आपण घराबाहेर जायचं. समोर तिसरं माणूस बसलं की नवरा-बायको पाहुण्यांसारखे बोलतात. ती गेली की पाच-दहा मिनिटं अवघडतात, मग रेकॉर्डरचा विसर पडतो आणि 'गॅस बंद केलास का'पासून गाडी सुरू होते. नंतर विभागाच्या तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून ते सगळं उतरवून काढायचं. डावीकडे कोण बोललं, उजवीकडे काय बोललं, आणि मधल्या शांततेचे आकडे कंसात. भांडं वाजलं, खुर्ची सरकली, तर तेही कंसात. चाळीस मिनिटांचं बोलणं उतरवायला दोन दिवस जात.

एवढ्या उपद्व्यापातून जे निघालं ते चार ओळींत मावणारं होतं. प्रश्न विचारला की माणूस सेकंदाच्या आत उत्तर देतो. दोन सेकंद झाले की विचारणारा चुळबुळतो. तीन झाले की तो मनाशी 'नाही' असं धरतो आणि आपला प्रश्न आपणच मागे घेतो. मोठा भाऊ फोनवर म्हणायचा, "यासाठी साडेचार वर्षं? लग्न केलं असतंस तर आठवड्यात कळलं असतं." आई यावर हसायची आणि म्हणायची, "तिला करू दे. तिचं काहीतरी मोठं चाललंय." मोठं म्हणजे नक्की काय, ते आईला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, आणि धाकटीनंही कधी धड बसून सांगितलं नव्हतं.

२

पहिलं जोडपं घरचंच होतं. खरं काम सुरू करण्याआधी पद्धत नीट बसते का ते पाहायला एक चाचणी घ्यावी लागते. चाचणीसाठी लांब कुठे जा, म्हणून तिनं रेकॉर्डर आई-बाबांच्या टेबलावर ठेवला आणि आपण बाहेरच्या खोलीत फॉर्म भरत बसली.

चाचणीचं रेकॉर्डिंग प्रबंधात धरत नाहीत. उतरवून झालं की ते नष्ट करायचं, असा विद्यापीठाच्या समितीचा नियम. कुणाचं घरगुती बोलणं वाऱ्यावर राहू नये म्हणून केलेला, तसा चांगलाच नियम. तिनं तो पाळला. 'नष्ट केले' समोर सही केली, तारीख घातली. कागदोपत्री काम चोख असल्याबद्दल बाईंनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, तिचं कौतुकही केलं.

त्यानंतर चार वर्षांनी आई गेली. दोन दिवस पोटात दुखल्याचं निमित्त झालं. धाकटी तेव्हा एकोणतिसाव्या जोडप्याच्या दारात, जिन्यावर बसून होती. रेकॉर्डिंग चालू असताना फोन बंद ठेवायचा, हा नियम तिनंच घातलेला. तिनं फोन चालू केला तेव्हा बाबांचे अकरा कॉल येऊन गेले होते. ती इस्पितळात पोचली ती तासभर उशिरा.

मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की आईचा आवाज कुठेच नाही. आईला फोनवर बोलायचं म्हणजे संकट, 'हॅलो' म्हणून ती बाबांच्या हातात फोन द्यायची. भावाच्या लग्नाच्या व्हिडिओत आई सगळीकडे दिसते, पण त्याच्यावर फोटोवाल्यानं गाणी चिकटवलेली. चाळीस मिनिटं आईचा आवाज नीट, जवळून, चांगल्या यंत्रावर धरला गेला होता, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं पुसला होता. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हे, असं ती स्वतःला रोज सांगायची. त्यानं काही कमी होत नव्हतं.

राहिली होती ती फक्त हिरव्या फायलीतली एकोणीस पानं. आई काय बोलली, ते शब्द आणि कंसातले आकडे.

३

शेवटच्या मुदतवाढीत बाईंनी नवं काढलं. "तीस जोडपी झाली. आता तुलनेला एकटी माणसं घे. एकट्यानं राहणारी म्हातारी माणसं स्वतःशी बोलतात ना? त्यांची शांतता कशी असते ते दाखव, म्हणजे परीक्षक आक्षेप घेणार नाहीत. पाच पुरेत."

चार मिळाली. पाचवे बाबा. घरचं माणूस घेऊ नये हे तिला कळत होतं, पण दर रविवारी ती घरी जायचीच, आणि मुदत संपत आली होती. बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ठेव की. मला काय त्रास?" तिनं दुपारी चारला रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि त्यांची औषधं आणायला निघून गेली.

सोमवारी ती ऐकायला बसली. आधीच्या चारही माणसांचं बोलणं तिला आता पाठ झालं होतं. एकटं माणूस एक वाक्य बोलतं, मग पंचवीस सेकंद काही नाही, मग अर्धं वाक्य, मग मिनिटभर काही नाही. वाक्य विरून जातं, पण कुणी ते तोडत नाही. तोडायला कुणी नसतंच.

बाबांचं पहिलं वाक्य आलं. "अगं, चहा ठेवतेस का?"

तिनं यंत्र थांबवलं. पण यात नवल काही नव्हतं. आधीच्या चौघांतले दोघं गेलेल्या जोडीदाराशी बोलत होते. तिनं डोळे पुसले आणि आकडा टाकला. शून्य पूर्णांक सहा. मग बाबा म्हणाले, "कमी साखरेचाच कर." मग शून्य पूर्णांक चार.

दहा मिनिटं उतरवून झाल्यावर तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. आकडे एकट्या माणसाचे नव्हते. सगळे दोन सेकंदांच्या आतले. त्याहून वाईट म्हणजे बाबांचं वाक्य मधेच तुटत होतं. "त्यांना मी सांगितलं की पुढच्या आठवड्यात पाईप —" इथे ते थांबले. एक पूर्णांक नऊ. "नाही, तसं नव्हे. ऐकून तर घे." कुणी मधे बोलल्याशिवाय माणूस असं थांबत नाही. एका ठिकाणी ते हसले, आणि ते हसू शांततेच्या शेवटी नाही, मध्यावर सुरू झालं होतं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच गंमत कळली, की माणूस असं हसतं. तीस जोडप्यांत तिनं हे शेकडो वेळा मोजलं होतं. ठरवून कुणाला ते जमत नाही.

अधूनमधून आणखी एक आवाज होता. बाबांच्या चपला फरशीवर घासल्याचा. चाळीस मिनिटांत सात वेळा.

४

खोलीत शेजारच्या टेबलावर जो संशोधक बसायचा, त्याचं प्रबंधाचं नववं वर्ष चालू होतं, म्हणून विभागात त्याला आजोबा म्हणत. माणूस चांगला. तिनं त्याला हेडफोन दिले. त्यानं पाच मिनिटं ऐकलं.

"सवय," तो म्हणाला. "बेचाळीस वर्षं जिथे थांबला, तिथे माणूस आताही थांबणारच. घाण्याचा बैल सोडला तरी गोलच फिरतो."

"आणि हसणं?"

"आठवून हसले असतील. तू जरा झोप काढ बघू. आपल्या दोघांत निदान एकानं तरी प्रबंध पुरा करावा."

तिला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं. तरी संध्याकाळी तिनं नको ते केलं. मधल्या शांततांचा आवाज यंत्रावर चढेल तेवढा चढवला. आईचा आवाज येईल अशी वेडी आशा होती, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं. आवाज नव्हता. फक्त फ्रिजची घरघर. पण बाबा बोलत असताना ती घरघर जेवढी होती, तेवढी त्या शांततांमध्ये नव्हती. जरा दबलेली होती. फ्रिज आणि रेकॉर्डर यांच्या मधे कुणी उभं राहिलं की होते तेवढी.

तिनं हिरवी फाईल काढली. चाचणीतली आई बाबांना पाचव्या-सहाव्या शब्दाला तोडायची. इथेही बाबा पाचव्या-सहाव्या शब्दाला थांबत होते. फायलीत जागोजागी तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, (चपला घासल्याचा आवाज), आणि समासात टीप: 'टेबल आणि ओटा यांत जागा कमी. आई जाताना बाबा पाय आत घेतात.' हे ती विसरून गेली होती. ते स्वयंपाकघर होतंच तेवढं. बाबांना पाय पसरून बसायची सवय, आणि ओट्याकडे जायचं तर त्यांनी पाय आत घेतल्याशिवाय वाट नाही. त्यावरून आई रोज बोलायची.

मग ती शेवटच्या पानावर आली. आई गेल्यापासून पाच महिने तिनं ते पान उघडलं नव्हतं.

आई: (अस्पष्ट, १.८)
बाबा: जाऊ दे. कामात आहे ती.
आई: हं.

तिला तो दिवस लख्ख आठवला. आई आवाज खाली आणून काहीतरी बोलली होती. बाहेरच्या खोलीत बसलेल्या लेकीला काही विचारावं का, असं बाबांना विचारत होती, हे बाबांच्या उत्तरावरून दगडालाही कळलं असतं. धाकटीनं तो तुकडा त्याच रात्री, घरीच बसून चार वेळा ऐकला होता, शब्द लागले नव्हते, आणि चाचणीच तर आहे म्हणून 'अस्पष्ट' लिहून ती मोकळी झाली होती. स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं. उठून विचारलं असतं तरी चाललं असतं.

तिनं बाबांना फोन लावला. "बाबा, मी पहिल्यांदा रेकॉर्डर ठेवला होता ना, त्या दिवशी आईला मला काय विचारायचं होतं?"

"कधीचं गं? मला कुठलं आठवायला," बाबा म्हणाले. फोनवर थोडा वेळ शांतता होती. सवयीनं तिनं मोजली, एक पूर्णांक आठ. मग बाबा म्हणाले, "ये रविवारी. इथेच बोला तुम्ही."

५

रविवारी चारला तिनं रेकॉर्डर टेबलावर ठेवला, आणि साडेचार वर्षांत पहिल्यांदा खोलीतून बाहेर गेली नाही. भिंतीकडची खुर्ची ओढून बसली. बाबा त्यांच्या जागी, पाय पसरून. तिसरी खुर्ची ओट्याजवळ, रिकामी. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावर पडलं होतं. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"बाहेर नाही गेलीस?" बाबांनी विचारलं.

"आज इथेच बसते. चालेल?"

"मला काय. तुझ्याच कामाचं बघ."

बराच वेळ बाबा काही बोलले नाहीत. तिला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं. विभागातल्या आजोबांचं खरं. म्हातारं माणूस आठवण काढून बोलतं, समोर कुणी बसलं की लाजतं, यापलीकडे काही नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन बसावं म्हणून ती उठायला लागली.

बाबांनी पाय आत घेतले.

तिच्याकडे न बघता, हातातल्या वर्तमानपत्रावरून नजर न काढता घेतले. चपला फरशीवर घासल्या. ती अजून जागची पुरती उठलीही नव्हती, आणि तिची वाट तिकडून नव्हतीच. टेबलावरचं ऊन एका कडेनं मिटत गेलं, क्षणभर टेबल पूर्ण सावलीत आलं, आणि दुसऱ्या कडेनं पुन्हा उजळलं. खिडकीसमोरून कुणी गेलं की जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ. ती खाली बसली.

"तेच सांगतोय मी केव्हाचा," बाबा म्हणाले, ओट्याजवळच्या खुर्चीकडे बघून. मग ते ऐकत राहिले. मान किंचित तिरकी करून, तोंडात हसू धरून. बाबांचा हा चेहरा तिनं आई गेल्यापासून पाहिला नव्हता. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीतही वडिलांचा तो चेहरा बघून तिला रडू येत होतं. तिला काहीही ऐकू येत नव्हतं. कानांत प्राण आणून ती ऐकत होती, आणि फ्रिजची घरघर तेवढी दबली होती.

"मला कशाला विचारतेस? ही काय बसलीय समोर," बाबा म्हणाले. "तिलाच विचार."

मग शांतता. एक पूर्णांक आठ. हा आकडा तिला कुणी सांगायला नको होता.

बाबा तिच्याकडे वळले. साध्या आवाजात म्हणाले, "ती विचारतेय तुला."

तिनं तोंड उघडलं. काय विचारलं असेल? जेवलीस का? राहतेस का आज? तुझं ते मोठं चाललंय ते नेमकं काय आहे, मला सांगशील का? चुकीचं उत्तर दिलं तर? काय विचारलंस, असं म्हटलं तर आपण ऐकलंच नाही हे आईला कळेल. आणि नुसतं 'आई' म्हणायचं तर ज्या खुर्चीकडे बघून म्हणायचं, तिकडे बघायची तिची छाती होत नव्हती. एक सेकंद गेला. दोन गेले. तिच्या मनातला काटा आपोआप चालू होता, तो थांबवायचं तिला जमेना. तीन. रस्त्यावरची स्कूटर एकदाची सुरू होऊन निघून गेली. पाच. सहा.

बाबांनी खुर्चीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं होतं.

"जाऊ दे," ते हळू आवाजात म्हणाले. "कामात आहे ती."

आणि पाय आत घेतले. टेबलावरचं ऊन मिटलं, उजळलं. या वेळी उलट्या बाजूनं, दाराकडे.

६

ते रेकॉर्डिंग तिनं एकदाच ऐकलं. तिची शांतता सहा पूर्णांक सात सेकंदांची होती. तिच्या अख्ख्या कामात प्रश्नानंतरची एवढी लांब शांतता दुसरी नव्हती. सहाव्या सेकंदाला कुणीतरी श्वास आत घेतला होता. बोलायच्या आधी माणूस घेतं तसा, पुन्हा एकदा विचारून बघावं म्हणून घेतलेला. मग बाबांचं 'जाऊ दे' आलं. श्वास तिचा स्वतःचाही असू शकेल. आजोबांनी तसंच सांगितलं असतं, म्हणून तिनं त्यांना विचारलं नाही.

पाचवं एकटं माणूस म्हणून तिनं पुढच्या रविवारी बाबांचं नवं रेकॉर्डिंग घेतलं. त्यात एकोणचाळीस सेकंद, मग "हं", मग एक मिनिट चार सेकंद. चपला एकदाही घासल्या नाहीत. बाई आकडे बघून खूश झाल्या. "हे अगदी नमुनेदार आहे," म्हणाल्या. प्रबंध मुदतीत गेला. अर्पणपत्रिकेचं पान तिनं कोरं ठेवलं. त्यावर काय लिहावं हे तिला सुचलं नाही असं नाही, पण जे लिहायचं, ते त्या रविवारीच आईला सांगायला हवं होतं.

बाबा आता टेबलाशी बसून बोलत नाहीत. तिला रागावलेही नाहीत. एकदाच म्हणाले, "तुझा काय दोष? तुला सवयच नाही," आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

आता दर रविवारी चारला ती येऊन बसते. फोन बंद करत नाही, रेकॉर्डर आणत नाही. ओट्याजवळच्या खुर्चीकडे तोंड करून बसते, थोडं थांबते आणि उत्तरं देते. "हो आई, जेवले." मग थांबते. "राहतेय आज." मग थांबते. "मी ना, माणसं किती वेळ गप्प बसतात ते मोजत होते." प्रत्येक उत्तरानंतर ती जागा सोडते, दोन सेकंद, तीन, दहा. फ्रिज घरघरत असतो. टेबलावर ऊन असतं, ते हळूहळू सरकतं आणि वेळेवर जातं.

ती मग खाली बघते. बाबांचे पाय वाटेत, तसेच पसरलेले असतात.